सगळ्या गिलासांवर फुली

वहिनी, तू गेल्याची खबर घेऊन दादाच्या कचेरीतला माणूस नांदेडला माझ्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिला, तेव्हा रडण्याआधी मी त्याला विचारलं, "बीपी कोणत्या हाताला बघितलं होतं?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लातूरला पोचल्यावर मी तेच दादाला विचारलं. दादा म्हणाला, "उजव्याच." माझा विश्वास बसला नाही. दवाखान्यातल्या नर्सला गाठलं, तीही उजवाच म्हणाली. तिच्यावरही बसला नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "वन्सं, तुमी पोलिसात पायजे होतात, खामखा शाळंत गेलात."

पण मी का विचारते, हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार होतं? तुझ्या डाव्या हाताची नाडी लागत नव्हती. नस आतून सुजून बुजत गेलेली, रक्त जेमतेम पोचायचं. त्या हाताला यंत्र बांधलं की बीपी कमी दाखवायचं आणि अंगात मात्र ते उतू चाललेलं असायचं. एकदा एका नव्या डॉक्टरनं डावा हात धरून तुला लिंबू-मीठ-पाणी प्यायला सांगितलं होतं. तू शांतपणे उजवा हात पुढं केलास आणि म्हणालीस, "त्या हाताचं ऐकू नका साहेब, त्यो हात खोटं बोलतो." त्यानं उजव्या हाताला मोजलं आणि खुर्चीतून उठून उभा राहिला. ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की पुढं पुढं तो डॉक्टर खुर्चीवरून पडायलाच लागला.

आता म्हणतात, मेंदूतली शीर फुटली. असेल. तू सकाळी पाणी भरून ठेवलं होतंस, भाकरी झाल्या होत्या, आणि चुलीपाशीच कलंडलीस. मी पोचले तेव्हा तुला पांढरं पातळ नेसवून झालं होतं, पण केस तसेच मोकळे होते. तुझी शेवटची वेणी मी घातली. बायका म्हणाल्या, राहू द्या आता. मी राहू दिलं नाही.

कारण सगळं सुरू झालं ते वेणीपासूनच. लातूर जिल्हा नवा झाला होता, दादाची तिकडं बदली झालेली, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता. तुम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर हापशावर नंबर. सुट्टीत मी आले होते, तर तू आरशासमोर वेणी घालता घालता मध्येच थांबलीस. डावा हात अर्ध्यातून खाली आला. "भरून येऊन राहिलाय," म्हणालीस. मी तुझ्या हातातून केस घेतले. लहानपणी माझ्या दोन वेण्या तूच घालायचीस, रिबिनी ओढून, डोळे ताणले जाईपर्यंत. तेव्हा मी म्हटलं, चला, फेडायची वेळ आली.

मायला मात्र त्यात खोट दिसली. आपल्या मायला कशात दिसत नाही म्हणा. तू दोरीवर कपडे टाकताना दम घेतेस, घागर उजव्याच कडेला घेतेस, संध्याकाळी अंग गरम आहे म्हणून पडून राहतेस, हे सगळं तिला मुदखेडला बसून दिसायचं. म्हणायची, "नवा जिल्हा झाला तशी नवी नाटकं." तुझं अंग मात्र झिजत चाललं होतं. ब्लाऊजला टिपा घालून घालून तू वापरत होतीस. शेवटी लातूरच्याच एका डॉक्टरनं तुझं मनगट धरलं, मग दुसरं धरलं, मग कोपर चाचपलं, आणि दादाला बाहेर बोलावून सांगितलं, यांना हैदराबादला न्या.

दादाच्या साहेबाला तेव्हा रजा हा शब्द ऐकू येत नव्हता. म्हणून मी तुला घेऊन गेले.

तिथला तो वयस्क डॉक्टर तुला आठवत असेल, अर्धं उर्दू अर्धं मराठी बोलणारा. छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाला, इथं जुना डाग आहे, टीबीचा असावा, आता वाळलेला. मग हाताच्या नसेबद्दल सांगितलं. अंग जंतूशी लढायला उठतं आणि लढता लढता स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना वैरी समजायला लागतं, असं काही डॉक्टरांना वाटतं. जुन्या टीबीवर त्यांचा शक आहे. "शक है, सबूत नहीं," असं तो दोनदा म्हणाला. मी विज्ञान शिकवणारी बाई. मला ते फार पटलं. आपल्या घरात तरी दुसरं काय चाललं होतं? घरातल्याच माणसावर घरातल्यांनी उठायचं.

मग त्यानं तुला विचारलं, "घरात कुणाला टीबी होता का?"

"न्हाई," तू म्हणालीस.

इतक्या झटकन तू कधी कशाचं उत्तर दिलं नव्हतंस. मीठ संपलं का विचारलं तरी तू आधी बरणी हलवून बघायचीस. माझा शक तिथं जागा झाला, वहिनी, आणि तो अजून झोपलेला नाही.

परतीच्या गाडीत मी तपास सुरू केला. निजामाबाद मागं पडलं तरी तो चालूच होता. तू गोधडीच्या गठुड्याला टेकून बसली होतीस, बाहेर काळी रानं पडीक होती. मी एकेक आरोपी उभा करत होते. दुष्काळात तुझ्या माहेरी, शिरूर अनंतपाळजवळ, पाझर तलावाच्या कामावर तू माती वाहिलीस, तिथलं टाकीचं पाणी? तू म्हणालीस, समद्यांनीच पेलं. कामावर वाटायचे ती सुकडी, तो अमेरिकेचा मिलो जोंधळा? समद्यांनीच खाल्ला. कामावर येऊन सगळ्यांना एकाच सुईनं टोचणारा तो माणूस? "वन्सं, त्या सुईला भिऊन मी तर खड्ड्यात लपले होते." मी हसले. आणि हसता हसता विचारलं, "मग अण्णांचा खोकला?"

तू खिडकीकडं तोंड केलंस.

"त्यो खडीचा दमा व्हता," म्हणालीस.

अण्णा, तुझे सासरे, रेल्वेत गँगमध्ये होते, रुळाखालची खडी ठोकून ठोकून छातीत धूळ बसली, असं माय सगळ्यांना सांगायची. मीही तेच सांगायचे. तुझं लग्न त्याच दुष्काळात झालं. वऱ्हाडाला हात धुवायला पाणी नव्हतं. तू घरात आलीस आणि महिन्याभरात अण्णांनी अंथरूण धरलं. मायनं तुला त्यांच्याजवळ बसवलं, नवी सून आहे, करू दे सेवा म्हणून. आम्हा पोरांना त्या खोलीत फिरकू देत नव्हती. खिडकी बंद, दार लोटलेलं, आत तू आणि अण्णा. अण्णा गेले तेव्हा मायनं तुझ्या पायगुणाला बोल लावला. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षं लोटली होती, पण पायगुण काही तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

"रक्त पडायचं, वैनी," मी म्हटलं. "मी दाराच्या फटीतून बघितलंय."

"फडकी मी धुतलीत वन्सं. काय पडायचं ते मला ठावं हाय." मग धर्माबादच्या आसपास म्हणालीस, "मेलेल्या माणसावर आळ घेऊ न्हाई. अन् जित्या माणसावर तर त्याच्याहून न्हाई."

जितं माणूस कोण, ते मला मुदखेडला उतरताना कळलं. माय फलाटावर उभी होती.

मी तिला घरी बसवून सगळं नीट समजावलं. डाग जुना आहे, जंतू मेलेले आहेत, वहिनीपासून कुणाला काही होणार नाही. तिनं त्यातलं एकच ऐकलं, टीबी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, आणि तुझ्या गिलासाच्या बुडाशी खिळ्यानं ओढलेली फुली होती. गिलास निराळ्या फळीवर ठेवलेला.

वहिनी, मी खूप घरं बघितली आहेत जिथं आजारी माणसाचं भांडं वेगळं ठेवतात. पण आपलं घर ते नव्हतं. अण्णा गावात होते तेव्हा हॉटेलच्या बाहेर वळचणीला खिळ्याला अडकवलेल्या कपातून चहा प्यायचे, पिऊन झाला की स्वतः विसळून परत अडकवायचे. तो खिळा सोडून ते रेल्वेत आले. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मायला सांगितलं होतं, ह्या घरात कुणाचा कप निराळा राहणार नाही, मी मेलो तरी नाही. हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की आम्हाला पाठ होतं. आणि त्याच घरात, त्यांच्याच बायकोच्या हातानं, फळीवर एक गिलास निराळा बसला होता.

मी लालपिवळी झाले. तू चहा प्यालीस, गिलास विसळलास, आणि दुपारी घरातले झाडून सगळे गिलास पिशवीत भरून मला म्हणालीस, "चला वन्सं, बाजारात."

भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर छिन्नीनं टोचून नावं घालणारा म्हातारा बसायचा. त्यानं पहिला गिलास गुडघ्यात धरला. "काय नाव घालू? घरधन्याचं का लेकराचं?"

"नाव नगं. फुली घाला."

"फुली?"

"समद्यांवर. अन् ह्या एकावर हाय, त्याच्यावरूनबी फिरवा. एकसारखी दिसाय पायजे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. शिकलेली दिसते, हिला तरी काही कळत असेल, असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, घाला. तो टकटक करत बसला आणि तू त्याच्या शेजारी उकिडवी बसून प्रत्येक फुली तपासत होतीस, बाजारात वांगी निवडावीत तशी.

संध्याकाळी दादा तुला न्यायला लातूरहून आला. मायनं चहाचा गिलास तोंडाला लावला आणि खात्रीसाठी बूड बघितलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं गिलास खाली ठेवला, माझा उचलला. फुली. दादाचा उचलला. फुली. फळीवरचा काढला, फुली. तू चुलीपुढं बसून, मान खाली घालून म्हणालीस, "माय, निवत चाललाय. प्या. समदे आपलेच हायत." दादाला ठसका लागला. मी उठून अंगणात गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले. त्यानंतर किती तरी महिने त्या घरात चहा आला की प्रत्येक जण नकळत बूड बघायचा. तू सोडून.

मी मात्र हैदराबादच्या डॉक्टरला पुढच्या खेपेला विचारलंच होतं, कपबशीतून हे जातं का? तो म्हणाला, नाही. टीबी खोकल्याच्या हवेतून जातो. कोंदट खोली, जवळ बसलेलं माणूस. कपाचा त्यात दोष नाही. मला जरा बरं वाटलं. अण्णांनी कप निराळा ठेवू दिला नाही म्हणून काही झालं नाही, एवढं तरी नक्की झालं. पण खोली उरली ना. बंद खिडकीची खोली, आणि तुला तिथं बसवणारी माय.

आपलं भांडण इथंच अडकलं, वहिनी, आणि आता ते कायमचं तसंच राहिलं. मी म्हणायचे, मायला सांगून टाकू. तिला कळू दे की दुखणं तुझ्या माहेराहून आलेलं नाही, आलं असलंच तर आमच्या घरातून तुला लागलं. पाच बायकांत बसून ती अजून म्हणते, शिरूरकडचं पाणीच खराब. तू ऐकून घेतेस, हे मला सहन होत नाही. तू म्हणायचीस, "शक हाय ना नुसता? डॉक्टर काय म्हणला, गवाही न्हाई." मी म्हणायचे, तुझ्या बाजूनं बोलून राहिले तर मलाच गप्प करतेस. तू म्हणायचीस, "म्हातारीला काय द्यायचं तर भाकर द्या वन्सं. हे कामून देता?"

मागच्या दिवाळीत मी तुझ्यावर खरीच चिडले. तुझं तोंड नसेच्या सुजेवरच्या गोळ्यांनी फुगून गोल झालं होतं, आणि माय शेजारणीला सांगत होती, खाऊन सुटली. मी उठले बोलायला. तू माझं मनगट धरलंस, डाव्या हातानं. त्या हातात जोर नव्हता, तो गार होता, मी सहज सोडवून घेऊ शकले असते. पण बसले.

तुला मी घाबरायचे असं नाही. मी तुझं देणं लागत होते असंही म्हणणार नाही, तुला असली भाषा आवडायची नाही. पण अण्णा गेल्यावर माय माझी शाळा सोडवायला निघाली होती, तेव्हा नव्या नवरीनं चुलीपासून सांगितलं होतं, "घरचं मी बघते, वन्सं जाऊ द्या साळंला." तुझी जागा त्या घरात तेव्हा पायपुसण्याशेजारी होती, आणि तू माझ्यासाठी बोललीस. मी बाई झाले, खडू धरला, ते तुझ्यामुळं. त्यामुळं तू बस म्हणालीस की मी बसायचे, एवढंच.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, माणसं जेवून गेली. नळाला पाणी नव्हतं, शेजाऱ्यांनी घागरी आणून दिल्या. मायनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मुदखेडचं घर बंद करून ती तुमच्याकडं आली तेव्हा भांडीकुंडी घेऊन आली होती, त्यात ते गिलासही आले होते. दुपारी दोन बायका बसायला आल्या. त्यांतली एक म्हणाली, असं कसं दुखणं लागलं हो सुनंला? मी मायकडं बघत होते. मी ठरवलं होतं, वहिनी. आज तिनं शिरूरचं नाव काढलं की मी सगळं बोलणार. तुझा हात आता माझ्या मनगटावर नव्हता.

मायनं ते नाव काढलं नाही. बायका गेल्यावर उठली, सैपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, म्हणून मी आत डोकावले. तिनं सगळे गिलास जमिनीवर मांडले होते. एकेक उचलून बूड बघत होती, बोटानं फुली चाचपत होती, खाली ठेवत होती.

"काय शोधते माय?"

"तिचा कोणता?"

मी म्हटलं, कशाला?

"मला तिच्या गिलासात च्या पायजे."

तिला सापडत नव्हता. कसा सापडणार? तू त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसून प्रत्येक फुली तपासून घेतली होतीस. मलाही सांगता येईना. मी तिच्यासमोर बसले.  ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्येंचाबी असाच निराळा ठिवायचा व्हता मला. रगत पडाय लागलं तवाच. त्येंनी ठिवू दिला न्हाई. अन् मी हिला आत धाडली. तुमी लहान व्हतात. दुसरं कोण व्हतं?"

वहिनी, तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं शिरूरचं पाणी, पायगुण, नाटकं, खाऊन सुटली, ह्या सगळ्याच्या बुडाशी हे होतं. आणि तुला ते ठाऊक होतं की नाही, हा माझा नवा शक. तू फुल्या घातल्यास त्या स्वतःसाठी, का तिच्यासाठीही? विचारायला तू नाहीस.

मी म्हटलं, "माय, गिलासानं नाही होत ते. डॉक्टरनं सांगितलंय."

तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते.

"मंग कशानं व्हतं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. बंद खिडकी, लोटलेलं दार, आत कोण आणि कुणी पाठवलं. हैदराबादपासून मुदखेडपर्यंत घासून ठेवलेलं उत्तर. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले, विचारलं की खरं उत्तर द्यायचं.

"न्हाई ठावं," मी म्हटलं. "डॉक्टरलाबी न्हाई ठावं, माय."

झटकन म्हटलं. अगदी तुझ्यासारखं.

मग मी चहा टाकला. तिच्यापुढचा हाताला लागेल तो एक गिलास उचलला, भरला, आणि तिला दिला. तिनं बूड न बघता तोंडाला लावला.